घटस्फोटाचा दावा चालू असताना पोटगी मागितली तर आपणच घटस्फोट मान्य केला असं होतं का?

शेवंती

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते. पहिला धागा असा काढावा लागेल असं वाटलं नव्हतं.

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात तिच्याविरुद्ध घटस्फोटाचा दावा टाकलाय. कारण क्रूरता. लग्नाला नऊ वर्षं झाली, मुलगी सहा वर्षांची. बहीण गेले आठ महिने लेकीला घेऊन साताऱ्याला आईबाबांकडे आहे. नवरा आयटीत, पगार तिच्या अंदाजाने सव्वा लाखाच्या आसपास. ती आधी बँकेत होती, बाळंतपणानंतर नोकरी सोडली (सोडायला लावली, पण ते असो). आता शिकवण्या घेते, महिन्याला सातएक हजार सुटतात. मुलीची फी बाबांच्या पेन्शनमधून जाते.

नोटीस आली, वकील लावले. वकील म्हणतात, आधी कैफियत (दाव्याला आपलं लेखी उत्तर) देऊ, पोटगीचं मागाहून बघू. बाबांचं त्याच्याही पुढचं. ते म्हणतात अर्ज टाकूच नका. "आपण पैसे मागितले की आपणच घटस्फोट कबूल केला. उद्या समेट व्हायचा असेल तर तेही दार बंद." आणि बहिणीला घटस्फोट नकोय. निदान आज तरी.

तर, निकाल लागेपर्यंत कोर्टाकडे काय काय मागता येतं, कधी मागायचं, आणि बाबा म्हणतात ते खरं आहे का?

आंबेमोहोर

शेवंतीताई, वाईट वाटलं वाचून. मला कायद्यातलं कळत नाही, पण आठ महिने सहा वर्षांच्या मुलीचा बाप एक रुपया देत नाही आणि आपण समेटाचं दार उघडं ठेवून बसलोय, हे काही झेपलं नाही. दार त्याने लावलंय. तुम्ही नुसत्या उंबऱ्यात उभ्या आहात.

मनमाड_जंक्शन

आंबेमोहोर +१

काळा_डगला

मी वकिली करतो, पण समोर कागद नाहीत, तेव्हा हे जनरल ज्ञान समजा, सल्ला नव्हे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही. पोटगीचा अर्ज म्हणजे घटस्फोटाला संमती नव्हे. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम २४. त्याचा अर्थ इतकाच की दावा चालू असताना ज्याला स्वतःच्या निर्वाहापुरतं आणि दाव्याच्या खर्चापुरतं उत्पन्न नाही, त्याला समोरच्याने ते द्यावं. दावा कुणी टाकला, चूक कुणाची, याचा त्याच्याशी संबंध नाही. कैफियतीत "मला घटस्फोट नको, मी नांदायला तयार आहे" असं लिहून त्याच दिवशी कलम २४ चा अर्ज देता येतो. रोज देतात लोक. नांदायला तयार असल्याचा कलम ९ चा प्रतिदावा आणि सोबत अंतरिम पोटगी, असंही चालतं.

"आधी कैफियत" हा नियम नाही, सवय आहे. हजर झाल्यापासून दाव्याचा निकाल लागेपर्यंत केव्हाही अर्ज देता येतो.

काय मागता येतं: स्वतःसाठी दरमहा रक्कम. दाव्याचा खर्च, म्हणजे वकिलाची फी आणि साताऱ्याहून पुण्याला तारखेला येण्याजाण्याचा खर्चही. मुलीसाठी कलम २६ खाली वेगळी रक्कम, शाळेची फी, आणि तिचा ताबा व भेटीगाठी याबद्दल तात्पुरता आदेश. राहण्याच्या जागेचा प्रश्न असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा बघावा लागेल, ते नंतर लिहितो, कोर्टात पुकारा झालाय.

तिरका_डोळा

पुकारा झाल्यावर प्रतिसाद टंकणारे वकील. आता कळलं माझी केस अकरा वर्षं का चालली.

काळा_डगला

तिरका_डोळा, तुमच्या वकिलाला मी ओळखत असेन तर अकरा म्हणजे लवकर आटोपलं. :)

चिंचगुळ

मी यातून गेलेय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

माझ्याही बाबतीत घरचे "थांब, थांब" करत होते. काका मध्यस्थी करत होते, कोर्टात समुपदेशकाकडे बैठका चालू होत्या. प्रत्येक बैठकीला नवरा "विचार करतो" म्हणायचा. मला वाटायचं, आता अर्ज टाकला तर तो बिथरेल. असे चौदा महिने गेले. चौदा महिन्यांनी अर्ज टाकला आणि आदेश झाला तेव्हा कळलं की पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. त्याआधीचे चौदा महिने कुणीच भरून दिले नाहीत. दागिने विकून काढले ते.

काकांची मध्यस्थी कुठे गेली? अर्ज दाखल झाला त्या महिन्यात नवऱ्याचा विचार अचानक पूर्ण झाला. फुकटात विचार कितीही दिवस चालतो.

तेव्हा शेवंती, तुझ्या बाबांना हा हिशेब कागदावर मांडून दाखव. आठ महिने गेलेच आहेत. नववा जाऊ देऊ नका.

हेमाडपंथी

इथल्या सूराशी मी सहमत नाही. माझं वय ७१. दोन भाच्यांची प्रकरणं जवळून पाहिली. कोर्टात एकमेकांविरुद्ध शपथपत्रं पडायला लागली की माणसं जे बोलायचं नाही ते लेखी बोलतात आणि लिहिलेलं पुसता येत नाही. शेवंतीच्या वडिलांचा कायदा चुकला असेल, पण त्यांची भीती खोटी नाही. आधी मध्यस्थीला एक प्रामाणिक संधी द्या. कौटुंबिक न्यायालयाचा कायदाच सांगतो की प्रथम समेटाचा प्रयत्न करा.

चिंचगुळ

हेमाडपंथी काका, १९८४ च्या त्या कायद्यात कलम ९ आहे समेटाचं, बरोबर. पण समेट होईपर्यंत जेवू नका असं त्यात कुठे आहे?

हेमाडपंथी

मुद्दा मान्य. जेवायलाच हवं.

काळा_डगला

आलो. पुढची तारीख मिळाली, दुसरं काय.

काका, दोन्ही एकत्र चालतं. अर्जात अंगावर धावून जाणारी भाषा लागत नाही. पोटगीच्या अर्जाला लागतात आकडे. नवऱ्याच्या आईने लग्नात काय टोमणा मारला हे त्यात घालून चार पानं वाढवणारे वकील आहेत, त्यांना थोपवा. ते सगळं कैफियतीत जाऊ दे. अर्ज कोरडा ठेवा, म्हणजे समेटाची वाटही मोकळी राहते.

चिंचगुळ यांनी तारखेचं लिहिलंय ते फार महत्त्वाचं. पूर्वी काही न्यायाधीश अर्जापासून द्यायचे, काही आदेशापासून. ४ नोव्हेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टाने रजनेश विरुद्ध नेहा या निकालात ठरवून टाकलं की पोटगी अर्जाच्या तारखेपासून. खटला मुळात आपल्या नागपूरचा. तिथल्या कौटुंबिक न्यायालयाने २०१३ मध्ये पत्नीला दरमहा १५,००० आणि मुलाला आधी ५,००० व पुढे १०,००० असा अंतरिम आदेश दिला होता. नवरा हायकोर्टात गेला, मग सुप्रीम कोर्टात. शेवटी आदेश कायम झाला तो २०२० मध्ये. "अंतरिम" बरं का.

तिरका_डोळा

सात वर्षांचं तात्पुरतं! आमच्या गल्लीतला तात्पुरता स्पीड ब्रेकरही एवढा टिकला नाही.

नवशिका_गडी

कायद्यात साठ दिवसांत निकाल द्यायचा असं काहीतरी आहे ना? व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं होतं.

काळा_डगला

आहे. २००१ च्या दुरुस्तीने घातलंय. समोरच्याला नोटीस बजावल्यापासून साठ दिवसांत, "शक्यतोवर".

तिरका_डोळा

साठ दिवस आपले की ब्रह्मदेवाचे?

काळा_डगला

सगळी जागा त्या "शक्यतोवर"ने खाल्लीय. पण रजनेश निकालात त्याला लगाम घातलाय. दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्याघेण्याचं शपथपत्र ठरलेल्या नमुन्यात द्यायचं. समोरच्याने चार आठवड्यांत उत्तरासह ते दाखल करायचं, दोनपेक्षा जास्त संधी नाही. तरी टाळाटाळ केली तर त्याचा बचाव काढून टाकता येतो. शपथपत्रं आल्यावर चार ते सहा महिन्यांत अंतरिम अर्ज निकाली काढावा. तेव्हा बहिणीने स्वतःचं शपथपत्र अर्जासोबतच जोडावं. आपलंच तयार नसेल तर समोरच्याला "आधी त्यांचं येऊ द्या" म्हणायला आयतं निमित्त.

बिनपाण्याचा

आता दुसरी बाजू. मी जाबदार (ज्याच्यावर दावा होतो तो) नाही, अर्जदार. म्हणजे दावा टाकणारा नवरा. मारा दगड.

माझ्या बायकोने अर्ज टाकला तेव्हा मी शपथपत्रात पगारातून गाडीचा हप्ता, पर्सनल लोनचा हप्ता, म्युच्युअल फंडाची एसआयपी सगळं वजा करून हातात २२ हजार उरतात असं दाखवलं. हुशारीच वाटली होती. न्यायाधीशबाईंनी कागद बघून एकच विचारलं, "गाडी कधी घेतली?" वेगळे झाल्यावर तीन महिन्यांनी. झालं. टॅक्ससारखी सक्तीची कपात धरली, बाकी तुमची हौस म्हणाल्या.

पण तिनेही "मला काहीच उत्पन्न नाही" लिहिलं होतं आणि ती घरून डिझाइनची कामं करत होती. माझ्या वकिलाने तिच्या कामाच्या जाहिरातीच्या पोस्ट आणि बँकेचे उतारे मागितले. खातं उघडं पडलं, महिन्याला पंधरा-वीस हजार येत होते. शेवटी तिने मागितलेल्या ४० ऐवजी १४ हजार मिळाले, आणि आदेशात "अर्जदार स्वच्छ हाताने आलेली नाही" असं एक वाक्य आलं. ते वाक्य पुढे प्रत्येक तारखेला तिच्या पाठीमागे लागलं. सात हजार मिळत असतील तर सात हजार लिहा. शिकवणी ही काही लाज वाटण्याची गोष्ट नाही.

शेवंती

बिनपाण्याचा, दगड नाही, धन्यवाद. आमच्या वकिलांनी खरंच "उत्पन्न निरंक" असा मसुदा केलाय! बहीणही म्हणत होती की शिकवणीचे पैसे रोखीत येतात, कोण विचारतंय.

काळा_डगला

लगेच बदला. खोटं शपथपत्र हा वेगळा गुन्हा, त्याची चौकशी मागण्याचा अर्जही करता येतो. ते राहू द्या, साधा हिशेब करा. सात हजार कबूल केल्याने सव्वा लाखवाल्यासमोर तिची पोटगी कितीशी कमी होईल? लपवल्याचं नुकसान त्याच्या कितीतरी पट. पत्नी थोडंफार कमावते म्हणून पोटगी नाही, असं नाहीच. लग्नातल्या राहणीमानाशी ते उत्पन्न ताडून बघतात.

नवशिका_गडी

नवऱ्याच्या पगाराच्या २५ टक्के मिळतात ना फिक्स?

काळा_डगला

हा एक मोठा गैरसमज. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने कल्याण डे चौधरी प्रकरणात निव्वळ पगाराच्या २५ टक्के योग्य ठरेल असं म्हटलं, ते त्या प्रकरणापुरतं. रेडीरेकनर नाही तो. दोघांचं उत्पन्न, शिक्षण, वय, मुलं, घरभाडं, आईवडिलांची जबाबदारी, लग्नासाठी किंवा मुलांसाठी सोडलेली नोकरी, सगळं धरतात. बहिणीने बँकेतली नोकरी सोडल्याचं पत्र असेल तर जोडा. "सोडायला लावली" हे सिद्ध करणं अवघड, पण राजीनाम्याची तारीख आणि मुलीची जन्मतारीख शेजारी ठेवली तरी पुष्कळ बोलतं.

से_ची_ऐशीतैशी

मधेच विचारतो, रागावू नका. माझ्या केसच्या ऑनलाइन नोंदीत चार तारखा नुसतं "से" असं दिसतंय. से म्हणजे काय? कुणाकडून?

मनमाड_जंक्शन

हिंदीतला नव्हे हो. इंग्रजी से. म्हणजे तुमच्या अर्जावर समोरच्याचं म्हणणं.

तिरका_डोळा

आणि चार तारखा तेच दिसतंय म्हणजे समोरच्याला काही म्हणायचं नाहीये.

काळा_डगला

उलट. त्याला "वेळ द्या" म्हणायचंय. पुढच्या तारखेला "म्हणण्याशिवाय अर्ज चालवा" असा आदेश मागा. आणि रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं त्याची कोर्टातली नोंद) वाचत जा, अशिलांनी वाचला की वकील सरळ येतात. (स्वतःच्या पायावर धोंडा.)

शेवंती

आमच्या कागदावर बहिणीला "जाबदार" लिहिलंय. बाबांनी पहिल्यांदा ते "जबाबदार" वाचलं आणि अर्धा तास बोलले नाहीत कुणाशी.

आंबेमोहोर

अरे देवा.

वडाची_पारंबी

मी बाप म्हणून लिहितोय. इथे सगळं पैशाचं चाललंय म्हणून.

तात्पुरता आदेश मलाही लागला होता, लेकाच्या भेटीसाठी. बायको माहेरी गेली तेव्हा तो चार वर्षांचा. सात महिने फोनसुद्धा नाही. मी कलम २६ खाली अर्ज केला. ताबा मागितला नाही, वकिलाने सांगितलं होतं की एवढं लहान मूल शक्यतो आईकडेच राहतं, हट्टाने ताबा मागितलास तर भेटही लांबेल. फक्त दर शनिवारी दोन तास आणि आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉल एवढंच मागितलं. सुप्रीम कोर्टाचा २०२० चा यशिता साहू निकाल दाखवला. मुलाला दोन्ही पालकांचा सहवास हवा, आणि भेट शक्य नसेल तिथे फोन, व्हिडिओवरून बोलणं तरी, असं त्यात आहे.

भेट कोर्टातल्याच मुलांच्या खोलीत. पहिल्या शनिवारी तो पंचेचाळीस मिनिटं मावशीच्या ओढणीमागे. मी खाली बसून एकटाच ठोकळे रचत राहिलो. मुद्दाम चुकीचे रचले. एक मनोरा पडला तेव्हा तो मागून म्हणाला, "असं नाही, मोठा खाली ठेवतात." पुढची पंधरा मिनिटं आम्ही मनोरा केला. सहा महिन्यांनी भेट कोर्टाबाहेर मिळाली, वर्षाने रात्रीचा मुक्काम.

शेवंतीताई, जावयाने भेट मागितली तर विरोधासाठी विरोध करू नका. पोटगी देत नाही म्हणून भेट नाही, किंवा भेट नाही म्हणून पोटगी नाही, असा सौदा कोर्टाला चालत नाही, आणि पोरांना तर मुळीच नाही.

चिंचगुळ

वडाची पारंबी, मनोऱ्याचं वाचून गळ्याशी आलं.

हेमाडपंथी

मलाही.

रानजाई

राहण्याच्या जागेवर कुणी लिहिलं नाही, मी लिहिते. काळा डगला नंतर लिहितो म्हणून गेले ते गेलेच.

घर सासूच्या नावावर होतं. सगळे म्हणाले तुझा काही हक्क नाही. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सतीश चंदर आहुजा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने जुना निकाल मोडीत काढला आणि म्हटलं की सासरच्या नातेवाइकाच्या मालकीचं घर असलं तरी तिथे संसार झाला असेल तर ते सामायिक घर ठरू शकतं. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १९ खाली मला एका खोलीचा आणि स्वयंपाकघर वापरण्याचा अंतरिम आदेश मिळाला. जिंकले की!

चार महिने राहिले. फ्रिजला कुलूप, गॅसचा रेग्युलेटर सासूच्या कपाटात, वाय-फायचा पासवर्ड बदललेला. आदेशात फ्रिज लिहिलेला नव्हता. शेवटी त्याच कलमाखाली वेगळ्या भाड्याच्या घराचा खर्च मागितला, तो मिळाला. आता परत करायचं झालं तर पहिल्याच अर्जात पर्याय म्हणून भाडं मागेन. आणि काय काय वापरायचं ते एकेक लिहून मागेन, अगदी रेग्युलेटरसकट.

काळा_डगला

रानजाईंनी माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं. फक्त भर घालतो.

कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज ती सध्या राहते तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे करता येतो, म्हणजे साताऱ्यातच. कलम २३ खाली अंतरिम, आणि तातडी दिसली तर एकतर्फी आदेशही होतो. शिवाय पोटगीचं फौजदारी प्रक्रिया संहितेतलं जुनं कलम १२५, म्हणजे १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, तेही राहत्या ठिकाणी.

आणि कलम २४ ची एक मेख कुणी सांगत नाही. त्याचा जीव मूळ दाव्यात असतो. उद्या नवऱ्याने दावा काढून घेतला की पुढची अंतरिम पोटगी थांबली. थकबाकी वसूल होते, पण चालू रक्कम बंद. पोटगी जड झाली म्हणून दावाच मागे घेणारे नवरे मी पाहिलेत. १४४ चा अर्ज स्वतंत्र असतो, तो तसा मरत नाही.

बिनपाण्याचा

म्हणून तिन्ही ठिकाणी केस टाकायची? हेच तर होतं. मग नवरा तीन कोर्टांत तारखांना फिरतो आणि नोकरी जाते, मग पोटगी कुठून?

काळा_डगला

रास्त तक्रार. एकीकडे मिळालेली रक्कम दुसरीकडे सांगावीच लागते आणि ती वजा होते, हेही रजनेशमध्येच आहे. दुप्पट मिळत नाही. हिंसाचार कायद्यातल्या मागण्या त्याच कायद्याच्या कलम २६ प्रमाणे चालू दाव्यातही करता येतात. मारहाण वगैरे काही नसेल तर मी पुण्यातच सगळं मागेन, आणि येण्याजाण्याचा खर्च जोडून. पण हे कागद पाहिलेल्या वकिलाने ठरवायचं.

नवशिका_गडी

नवऱ्याला बायकोकडून पोटगी मागता येते का? मित्रासाठी विचारतोय.

तिरका_डोळा

मित्राला नमस्कार सांगा.

काळा_डगला

कलम २४ मध्ये पती किंवा पत्नी दोघेही. पारशी कायद्यातही दोघे. विशेष विवाह कायदा १९५४ खाली लग्न झालं असेल तर कलम ३६, तिथे फक्त पत्नी. ख्रिश्चनांच्या १८६९ च्या कायद्यातही फक्त पत्नी. १४४ मध्ये नवऱ्याला जागा नाही. धडधाकट माणूस नुसता घरी बसलाय म्हणून कुणी देत नाही, आजारपण, अपंगत्व असं काही दाखवावं लागतं.

मनमाड_जंक्शन

आमचं "रजिस्टर लग्न" आहे, म्हणजे विशेष विवाह कायदा का?

काळा_डगला

असंच नाही. विधीवत लग्न करून नंतर नोंदणी केली असेल तर हिंदू विवाह कायदाच. प्रमाणपत्रावर कोणत्या कायद्याखाली ते छापलेलं असतं. वाचून बघा. (आणि काही बिनसलंय का घरी?)

मनमाड_जंक्शन

छे हो, बायको शेजारी बसून हा धागा वाचतेय. तिनेच विचारायला लावलं.

तिरका_डोळा

मग बिनसलंय.

सांगलीकर_हळद

थोडं अवांतर. अंतरिम आदेशावर कौटुंबिक न्यायालयातून नेहमीचं अपील होत नाही म्हणून आम्हाला रिटसाठी (हायकोर्टातल्या याचिकेसाठी) मुंबईला पळावं लागायचं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गही त्यात. वकिलाने मुंबईच्या मुक्कामाचं बिल लावलं तर विचारा.

रानजाई

पैशाची अडचण असेल तर अजून एक. बायकांना उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्याप्रमाणे मोफत वकील मिळू शकतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस कोर्टाच्या आवारात असतं. आणि पोटगी, घटस्फोटाच्या कामात आपल्या राज्यात बायकांना कोर्ट फी माफ आहे. माझ्याकडून पहिल्या वकिलाने "स्टँपचे" म्हणून नऊ हजार घेतले होते.

शेवंती

सगळ्यांचे आभार. बाबांना हा धागा प्रिंट काढून दिला. चिंचगुळ, तुमच्या चौदा महिन्यांवर त्यांनी पेन्सिलने खूण केलीय. हेमाडपंथी काका, तुमचा "जेवायलाच हवं"ही त्यांनी मोठ्याने वाचला. पुढच्या तारखेला अर्ज देतोय, शिकवणीचे सात हजार लिहून. वकिलांनी कुरकुर केली, मग म्हणाले, "तुमची मर्जी."

शेवंती (सात महिन्यांनंतर)

धागा वर काढतेय, कारण इथूनच सुरुवात झाली होती.

अर्ज दिला त्याच दिवशी कैफियतही दिली, नांदायला तयार आहे असं लिहून. जावयाने पहिल्या दोन तारखांना वेळ मागितला. तिसऱ्यांदा आम्ही बचाव काढून टाकण्याचा अर्ज दिला, तर संध्याकाळच्या आत शपथपत्र हजर! पगार अंदाजापेक्षा जास्त निघाला. त्यांच्या वकिलांनी शिकवणीचा मुद्दा काढला, पण तो आमच्याच शपथपत्रात असल्यामुळे बोलायला उरलं नाही.

आदेश: बहिणीला दरमहा १८,०००, मुलीला १०,०००, शाळेची फी निम्मी, दाव्याच्या खर्चाचे २५,०००. सगळं अर्जाच्या तारखेपासून. थकबाकी चार हप्त्यांत. भेट महिन्यातून दोन रविवार, साताऱ्यात. आम्ही विरोध केला नाही, वडाची पारंबी. पहिल्या रविवारी तो आला, मुलीला सायकल शिकवली, बाबांनी त्याला चहा दिला. दोघांनी पावसावर चर्चा केली. घटस्फोटाचा दावा आहे तिथेच आहे, समेटाचं काही नाही, पण दार वगैरे बंद झालेलं दिसलं नाही.

चालू महिन्याची रक्कम आली. थकबाकीचा पहिला हप्ता दहा तारखेला यायचा होता, आज एकोणीस. फोन केला तर "बघतो" म्हणाला. आता काय करायचं? थांबायचं?

चिंचगुळ

"बघतो" म्हणाला? मग थांबू नका.

काळा_डगला

अभिनंदन. आदेशाची प्रमाणित नक्कल काढलीत का? नसेल तर उद्याच नक्कल अर्ज द्या, तिच्याशिवाय दरखास्त (आदेशाच्या वसुलीचा अर्ज) होत नाही. दरखास्तीत पगारातून थेट कपातीचा आदेश मागा, त्याच्या कंपनीचा पूर्ण पत्ता लागेल. त्याआधी वकिलामार्फत एक साधी नोटीस, सात दिवसांची. बहुतेक तिथेच हप्ता येईल. आणि कोणता हप्ता कधी आला याची वही ठेवा.

शेवंती

वही बाबांनी अर्ज दिला त्या दिवशीच सुरू केलीय. नक्कलेचा अर्ज उद्या देते.

तिरका_डोळा

नक्कल मिळायला किती दिवस लागतात?

काळा_डगला

शक्यतोवर लवकर.